खाडा

डुमसच्या चिखलातून सायकल काढली, त्याला आज सात दिवस.
तापी खाली येते, मी वर जाते,
रोज कुठल्या ना कुठल्या घाटावर गाठ पडते
आणि कोणी कोणाला थांब म्हणत नाही.
काल थाळनेरला गुडघा म्हणाला.

म्हणून आज खाडा.
एसटीच्या हिशेबखात्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे खाडे मांडले मी लाल शाईनं.
हा माझा,
आणि मांडणारी पुन्हा मीच.

मोजे धुतले. गुडघ्याला तेल लावलं.
वहीत सकाळचा आकडा लिहिला: दोनशे अठरा.
मग सायकल हातात धरून निघाले,
काठी घेऊन निघावं तशी.

किल्ला आता निम्मा नदीचाच.
उरलेल्या भिंतीत पोपटांची भांडणं,
खाली सुकलाल भोई जाळ्यातून काटक्या वेचत बसलेला.
"कथाईन उनी वं माय?"
सुरतहून, म्हटलं.
त्यानं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"उलटी चालनी तू."
मग बराच वेळ काटक्याच वेचल्या.

पूर कुठवर आला होता, विचारलं.
हात छातीशी नेला त्यानं,
मग आठवलं, तेव्हा आपण लहान होतो,
आणि हात कमरेशी आणला.
आणि राजे?
"त्या वर सेतस, कबरीसमा. जाय, धाक नही."

वर आले.
घुमटाखाली गार, पारव्यांचा वास,
कोणाची कबर कोणती ते दगडाला ठाऊक.
आठ कोनांच्या एका इमारतीभोवती
हात लावत फिरले, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला.
दगडातली फुलं, त्यांच्या पाकळ्या
मोजत गेले, सवयच ती.
सहा, सहा, सहा,
एका कोपऱ्यात पाच.
पुन्हा मोजल्या. पाचच.
त्या दिवशी कारागिराचा खाडा असेल,
किंवा घरी कोणी आजारी.
लाल शाई नव्हती जवळ, बरं झालं.

बाहेर शमीमबी पिंजारी खाटांवर बिबडे घालत होती,
ज्वारीचे, तिळाचे, ओल्या लुगड्यावर गोल गोल.
"सावली तुम घेव, बाई," हसली ती,
"धूप हमारेकू लगती."
गरम घाटा दिला वाटीत, वर कच्चं तेल,
बाजूला मिरचीचा ठेचा, नाकातून पाणी काढणारा.
खाल्ला. पुन्हा मागितला.
लिंबाखाली चटई होती तिथं टेकले,
जरा पाठ टेकते म्हणून,

आणि झोपले की.
इतकी झोपले की बिबडे वाळले,
उचलले गेले,
खाटा उभ्या झाल्या भिंतीला,
केळीचे दोन ट्रक शिरपूरकडे गेले म्हणे,
मला एकाचाही आवाज नाही.

उठले तेव्हा सायकल होती तिथंच,
पण तोंड दुसरीकडे.
सीट दोन बोटं खाली.
शमीमबीची तरन्नुम भिंतीला टेकून उभी,
नववीतली असेल,
सलवारीला साखळीचं काळं ग्रीस,
कोपर खरचटलेलं, त्यावर हळद,
आणि चेहरा असा,
की मी काहीच विचारलं नाही.
"गुडघा दुखतोय का अजून?" तिनंच विचारलं.
कमी आहे, म्हटलं.
"मग उद्या जाणार?"
सकाळी.
ती सायकलकडे बघत राहिली,
परक्या गावच्या पाहुणीकडे बघावं तशी.
मी म्हटलं, सकाळी म्हणजे सहाला.
पाचला उठते मी.
चहा होईपर्यंत सायकल रिकामीच असते.

रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत, चाळीसच्या बल्बखाली,
वही काढली. आजच्या रकान्यात शून्य घालणार,
तर मीटर दोनशे एकवीस पूर्णांक चार.
तीन पूर्णांक चार.
कबरींना किती फेऱ्या होतात एवढ्यात?
कितव्या फेरीला पडली असेल?
कितव्या फेरीला पुन्हा बसली?

एकतीस वर्षांत पैचा फरक ठेवला नाही मी.
मुलताईला पोचेन तेव्हा
नदीची लांबी आणि माझी बेरीज
जुळायची नाही.

शून्य लिहिलं नाही.
तीन पूर्णांक चार, थाळनेर,
पुढे शेरा: त. पिंजारी.
मीटर तसाच ठेवला.
सीट तेवढी वर केली,
मग आठवलं पाचचं,
आणि उठून पुन्हा खाली केली.